कुंदाताईंचे दोन शब्द

कुंदाताई, परवा नालवाडीत तुमच्या पुण्यानुमोदनाला मला ‘दोन शब्द बोला’ म्हणाले आणि मी जागची उठले नाही. लोकांना वाटलं, हिला रडू आवरत नसेल. तुमच्या लेकीने, प्रज्ञाने, तर पाण्याचा ग्लास आणून हातात दिला. मला रडू येत नव्हतं. मला तुमचा राग आला होता, आणि फोटोसमोर मेणबत्त्या तेवत असताना ते रागावलेलं तोंड लोकांना दाखवायची लाज वाटत होती. आपण चौदा दिवस बोललो नव्हतो आणि पंधराव्या दिवशी तुम्ही गेलात. त्या मांडवात हे फक्त मला माहीत होतं. तुम्ही फोटोत हसत होतात.

उद्या सकाळी अकराला हॉस्पिटलात बैठक आहे. आपल्या अभ्यासाचा अहवाल मला तिथे वाचायचा आहे, आणि त्यावर तुमची सुयांची खोली राहते की जाते ते ठरणार आहे. त्या खोलीवर सोनोग्राफीवाल्यांचा डोळा आहे हे तुम्हीच मला सांगितलं होतं. अहवालाची चार पानं तयार आहेत. त्यातलं चौथं तिथे वाचायच्या आधी मला तुमच्याशी बोलायचं आहे. तुम्ही ऐकणार नाही हे मला कळतं. जिवंत असतानाही कुठे ऐकत होतात म्हणा.

मी इथे आकडे सांभाळायला आले तेव्हा तुम्ही सिस्टरच्या नोकरीतून निवृत्त होऊन एक्स-रेच्या मागच्या खोलीत ॲक्युपंक्चरच्या सुया लावत होतात. रीतसर शिकला होतात, भिंतीवर सर्टिफिकेट टांगलेलं होतं, तरी डॉक्टर मंडळी तुम्हाला ‘टाचणीवाल्या बाई’ म्हणायची. तुम्ही हसून सोडून द्यायचात, निदान मला तसं वाटायचं. मग एक दिवस डबा संपवून तुम्ही माझ्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसलात. डॉक्टरांशी तुम्ही पुस्तकातलं मराठी बोलायचात आणि मनातलं बोलायचं असलं की सेलूचं. त्या दिवशी सेलूचंच निघालं.

“तू आकडेवाली ना? मंग मले एक मोजून दे. माह्या सुईनं लोकायले बरं वाटते, का मी दोन शब्द गोड बोलते म्हनून बरं वाटते?”

मी म्हटलं, मोजता येतं, पण उत्तर तुमच्या मनासारखं येईलच असं नाही.

“न येऊ दे. मी मेल्यावर कोनी म्हनू नये का कुंदा लोकायले फसवत होती. आन फसवत असन, त मले जितेपनी कळू दे.”

मी बऱ्याच डॉक्टरांच्या अभ्यासांचे आकडे मांडले आहेत. आपल्या मनाविरुद्ध उत्तर आलं तरी चालेल अशी तयारी ठेवून आलेलं माणूस मी तुमच्याआधी पाहिलं नव्हतं. हे मी तुम्हाला कधी बोलले नाही. तोंडावर कौतुक करायचं माझ्या जिवावर येतं, आणि तुम्ही त्यावरून मला चिडवायचात.

मग आपण गुडघे धरले. सेलूच्या आसपासच्या गावांतल्या, कापूस वेचून आणि निंदण करून पन्नाशीतच उठताना भिंत धरणाऱ्या बायका. अर्ध्या जणींना खरी सुई, अर्ध्या जणींना खोटी. खोट्या सुईचं टोक बोथट असतं. ती कातडीला टेकली की स्वतःच्याच दांड्यात मागे सरकते, आत जात नाही. वरून छोटी प्लास्टिकची कडी आणि चिकटपट्टी, त्यामुळे पाहणाऱ्याला दोन्ही सारख्याच दिसतात. कुणाला कुठली ते बंद पाकिटातल्या चिठ्ठीवर, आणि ती चिठ्ठी फक्त तुम्ही उघडायची. बाईला कळू द्यायचं नाही. दुखणं मोजणार मी, म्हणून मलाही कळू द्यायचं नाही. त्यासाठी मी स्वतःच नियम केला की शेवटचा गुडघा मोजून होईपर्यंत मी तुमच्या खोलीत पाय ठेवायचा नाही, तुमची नोंदवही उघडायची नाही आणि खोलीतल्या कुठल्याही गोष्टीबद्दल तुमच्याशी बोलायचं नाही. बायकांना हे सगळं आधी समजावून सांगितलं होतं. खोटी मिळू शकते, आणि खोटी मिळाली तर शेवटी ताई खरी लावून देतील, असं कबूल करून त्यांच्या सह्या आणि अंगठे घेतले होते.

मला भीती एकाच गोष्टीची होती, तुमच्या बडबडीची. तुम्ही सुई लावताना बाईच्या माहेरापासून म्हशीपर्यंत सगळी चौकशी करायचात. खऱ्या सुईवालीशी जास्त बोललात आणि खोट्या सुईवालीशी कमी, तर सगळंच मुसळ केरात. म्हणून मी चार वाक्यांचं एक कार्ड लिहून दिलं. सुई लावते. काही जाणवेल किंवा नाही जाणवणार. हलू नका. झालं. तुम्ही ते वाचून म्हणालात की ही तर वर्धा स्टेशनवर गाडी लेट असल्याचं सांगणारी बाई बोलते आहे. तरी पाठ केलंत. तालीम म्हणून माझ्याच दोन्ही हातांवर एकेक सुई लावलीत, एक खरी, एक खोटी, आणि कार्डातले शब्द सोडून चकार शब्द काढला नाहीत. मला कुठली कुठे ते ओळखता आलं नाही. मी खूश झाले. त्या दिवशी मी तुमची पेशंट नव्हते, परीक्षा घेणारी होते, आणि परीक्षेत सगळेच नीट वागतात, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

त्या तालमीनंतर तुम्ही म्हणालात, आता लगे हात मानेलाही एक लावू दे. माझी मान तेव्हाही धरलेली असायची. मी म्हटलं, पुरावा आल्यावर. पुढे दर वेळी तुम्ही विचारायचात आणि दर वेळी मी हेच म्हणायची. तुझा पुरावा येईपर्यंत तुझी मान वाकडी होऊन बसेल, असं तुम्ही कॅंटीनमध्ये चार जणांत म्हणाला होतात. माझे बाबा इथे भरती होते तेव्हा कुणालाच त्यांची शीर सापडत नव्हती. सुट्टीच्या दिवशी नालवाडीहून येऊन तुम्ही एका टोचण्यात सलाइन लावलं होतं. त्या बोटांना मी माझी मान दिली नाही, आणि त्याचं मला आता फार वाईट वाटतं.

अभ्यास सुरू झाला. बायका ऑटोत दाटीवाटीने बसून आठवड्यातून दोनदा यायच्या. तुमच्याकडून सुटल्या की माझ्याकडे. दुखणं किती, हे दाखवायला मी चेहऱ्यांची एक पट्टी केली होती, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. अनसूयाबाई पहिल्या दिवशी हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवून बसल्या. मी म्हटलं, अहो, तुम्हाला तर उठवत नाहीये. तर म्हणाल्या, हा माझ्या नातवासारखा दिसतो, बाकीच्यांकडे पाहवत नाही. पट्टी पुन्हा समजावून सांगायला मला अर्धा तास लागला. मी हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही पदर तोंडात धरून हसत होतात. कामाच्या दिवसांत आपण शेवटचं हसलो ते तेव्हा.

शेवटच्या मोजणीच्या वेळी प्रत्येक बाईला एक प्रश्न विचारायचा असतो, तुम्हाला कुठली सुई मिळाली असं वाटतं. बहुतेकींना सांगता येऊ नये, अशी अपेक्षा असते. अनसूयाबाई पहिल्याच होत्या. त्यांचा गुडघा मोजून झाला, मी प्रश्न विचारला, आणि त्या पान खायला काढता काढता म्हणाल्या, “मले त खोटी.”

मी विचारलं, कशावरून.

“मले ‘आलं का’ कधी इचारलं नाई ना ताईनं. माह्यासंगं येते त्या सकूले दरखेपी इचारते. आमाले त ऑटोतच समजलं थे, कोनाले खरी आन कोनाले खोटी.”

मी पेन खाली ठेवलं. खरी सुई नेमक्या जागी बसली की माणसाला आत एक जड, बधिर अशी कळ जाणवते. लावणाऱ्याच्या बोटांनाही कळतं, मांस सुईला धरून ठेवतं. ते जाणवलं की नाही, हे तुम्ही वर्षानुवर्षं दोन शब्दांत विचारत आला होतात. मी कार्डावर चार वाक्यं लिहिली आणि हे दोन शब्द तुमच्या तोंडात राहून गेले. मी अनसूयाबाईंना विचारलं, खोटी आहे हे कळल्यावरही तुम्ही महिनोन्‌महिने येत का राहिलात? त्या म्हणाल्या, नाही आलो असतो तर ताईला वाईट वाटलं असतं. ताईने पाय हातात घेतला की तसंही बरं वाटतं, असंही म्हणाल्या, आणि पान तोंडात टाकून निघून गेल्या.

मी तुमच्या खोलीशी आले. माझाच नियम, म्हणून उंबऱ्याच्या बाहेर उभी राहिले. खोलीतलं बोलायचं नाही, हा नियम मात्र रागात विसरले. तुम्ही चादर झटकत होतात. खरी सुई लावताना ‘आलं का’ विचारता का, असं मी विचारलं. विचारत असेन, म्हणालात. मग मी विचारलं, आणि खोटीला?

तुम्ही चादर खाली ठेवलीत. “थे येतच नाई, त इचारू काय? खोटी सुई लावली मी तुह्या म्हनन्यावरून. खोटं कसं इचारू?”

आज चार वेळा ते वाक्य मी मनात म्हणून पाहिलं आणि चारही वेळा मला त्यात खोट सापडली नाही. त्या दिवशी मात्र मला फक्त माझे महिने दिसत होते. मी म्हणाले, ताई, तुम्ही अख्खा अभ्यास पाण्यात घातलात. खऱ्या सुईवाल्यांना जास्त बरं वाटलं असलं तरी ते सुईने की तुमच्या विचारण्याने, हे आता जगात कुणालाच सांगता येणार नाही. तुम्ही मला पहिल्या दिवशी जे मोजायला सांगितलंत, तेच तुम्ही मोजू दिलं नाहीत. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तुम्ही ते लपवलंत. वऱ्हांड्यात बायका बसल्या होत्या. मी आवाज खाली घेतला नाही.

तुमचा चेहरा कसा झाला ते मी पाहिलं. तुम्ही ओरडला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही फक्त म्हणालात, “वही वाच आंधी.”

मी म्हणाले, उरलेल्या बायकांचे गुडघे मोजून झाल्याशिवाय मला वही वाचायची परवानगी नाही, हे तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. मला वाटलं, मला वाचता येणार नाही हे ओळखूनच तुम्ही वहीचं नाव काढून माझं तोंड बंद करता आहात.

“मंग बोलू बी नको.”

आणि मी बोलले नाही. उरलेल्या बायकांना आधीच बजावलं, माझ्याशी फक्त गुडघ्याचं बोला. कॅंटीनमध्ये मी दुसऱ्या टेबलावर बसायला लागले. एका शुक्रवारी तुम्ही माझ्या दाराशी येऊन उभ्या राहिलात. मला चाहूल लागली होती, चपला ओळखीच्या होत्या. मी कॉम्प्युटरवरून नजर काढली नाही. तुम्ही थोडा वेळ थांबलात आणि गेलात. काय सांगायचं होतं तुम्हाला? मी मान वर केली असती तर तुम्ही सांगितलं असतं, आणि आज मला इतकं तगमगायला झालं नसतं. सोमवारी शेवटचा गुडघा मोजून झाला. मंगळवारी पहाटे प्रज्ञाचा फोन आला.

तुमच्या टेबलाच्या खणाला कुलूप होतं. पुण्यानुमोदनाच्या दिवशी निघताना प्रज्ञाने किल्ली माझ्या हातात ठेवली, म्हणाली, आईच्या पर्समध्ये होती, तुमच्या कामाची असेल. काल सकाळी मी पहिल्यांदा तुमच्या खोलीत शिरले. खण उघडला. वरच माझं कार्ड होतं, घामाने मऊ झालेलं. त्याखाली वही.

ताई, मला वाटलं होतं तुम्ही लपवलंत. अभ्यासाच्या दुसऱ्याच आठवड्यात, पोळ्याच्या आदल्या शनिवारी, तुमच्या त्या गोल गोल अक्षरात लिहिलेलं आहे: “आज तोंडून ‘आलं का’ गेलं. कार्डावर नाही ते बोलले. खऱ्या सुईलाच जाते. खोटीला विचारायला तोंड उघडत नाही. काय करावे, कळवावे.” पुढच्या आठवड्यात: “पुन्हा झालं. कार्ड डोळ्यापुढे धरून पाहिलं. बोटाला कळलं की तोंड बोलून जाते. कळवावे.” मग: “मास्क लावून पाहिला. मास्कमधूनही गेलं. कळवावे.” जन्मभर वॉर्डातल्या रिपोर्ट बुकात लिहिलंत तसंच, प्रत्येक नोंदीखाली ‘कळवावे’. मास्कच्या नोंदीला मला हसू आलं, आणि मग मी तुमच्या स्टुलावर बसून रडले. पुण्यानुमोदनाला जे आलं नव्हतं ते तिथे आलं.

एक नोंद माझ्याबद्दल आहे. “मॅडमला सांगायला गेले. ती म्हणते खोलीतलं काही सांगू नका. कळवावे.” मला ते आठवलं. जिन्यात तुम्ही मला थांबवलं होतंत, एक सांगायचं होतं म्हणालात, खोलीतलं. मी दोन्ही कानांवर हात ठेवले आणि हसत हसत जिना उतरून गेले. नियम पाळल्याचा मला त्या दिवशी अभिमान वाटला होता. अशा सात नोंदी आहेत. शेवटची दिवाळीच्या आठवड्यातली, एकाच ओळीची: “हे वाचणारं कोणी आहे का?”

नव्हतं. आणि इथे मला जे लिहायचं आहे ते तुम्हालाही माहीत नव्हतं. त्या वहीच्या प्रत्येक पानावर शेवटी एक रकाना आहे, ‘वाचले, सही’. तो मीच आखला होता. मी वाचायचं नाही, तर मग दर शनिवारी एका तिसऱ्या माणसाने ती वही वाचायची, सही करायची आणि काही चुकत असेल तर तुम्हाला तिथल्या तिथे सांगायचं, हेही मीच नियमांत लिहिलं होतं. त्या कामाला औषधांच्या खिडकीवरची एक मुलगी नेमली होती. ती पहिल्याच आठवड्यात लग्न ठरून यवतमाळला गेली. दुसरं कुणीतरी बघू, असं मी म्हणत राहिले. खरं सांगायचं तर माझ्या कामात तिसरं माणूस मला नकोच होतं. तुमच्या पहिल्या नोंदीच्या शनिवारी कुणी वही वाचली असती, तर ‘आलं का’ हे शब्द कार्डावर घालून दोन्ही सुयांना विचारायचे की दोन्हींना तोंडाला कुलूप लावायचं, ते ठरवता आलं असतं. अभ्यास वाचला असता. तुम्ही आणि मी टेबलं बदलून बसलो नसतो.

काल दुपारी मी हे सगळं हॉस्पिटलच्या मोठ्या सरांना सांगितलं. सर वाईट माणूस नाहीत. परवा मांडवात ते मुलासारखे रडले, आणि तुमच्या खोलीला तुमचं नाव द्यायचं हे तिथेच बोलून गेले. पाकिटांतल्या चिठ्ठ्या आकड्यांशी जुळवून झाल्या आहेत. खऱ्या सुईवाल्यांना जास्त बरं वाटलं, असंच आकड्यांत दिसतं, आणि सरांना उद्या माझ्याकडून तेवढंच वाचून हवं आहे. माझं ऐकून त्यांनी दार लोटून घेतलं. मग म्हणाले, वहीत मागच्या तारखा घालून सह्या करून टाका, म्हणजे नोंदी वेळेवर वाचल्या होत्या आणि किरकोळ वाटल्या म्हणून सोडल्या, असं दिसेल. ते जमत नसेल तर एका ओळीत लिहा की उपचार देणाऱ्या व्यक्तीकडून चूक झाली. तुमची नोकरी आहे, पुढचे अभ्यास आहेत.

“ताईंना आता काय फरक पडतो?” ते म्हणाले.

हे ऐकून मला संताप यायला हवा होता. पण ताई, ती ओळ मी आधीच टाइप करून ठेवली होती. तुम्ही गेलात त्याच्या आदल्या आठवड्यात, रागाच्या भरात. ‘उपचार देणाऱ्या व्यक्तीकडून चूक झाली.’ काल घरी येऊन मी ती पुन्हा वाचली. व्याकरण चोख आहे. एक शब्दही खोटा नाही. उद्या ती वाचली असती तर सगळ्यांनी मान डोलावली असती, टाचणीवाल्या बाईंकडून आणखी काय होणार, आणि माझ्याकडे कुणी पाहिलंही नसतं. मी ती ओळ लगेच खोडली, असं तुम्हाला सांगायला मला आवडलं असतं. मी तिच्यासमोर खूप वेळ बसून राहिले. मला भीती वाटत होती, अजूनही वाटते. उद्यानंतर मला इथे कुणी अभ्यासाचं काम देईल का, मला माहीत नाही.

आज सकाळी अनसूयाबाई आल्या, सकूबाईंना घेऊन. कबूल केल्याप्रमाणे त्यांना खरी सुई हवी होती. तुम्ही गेल्याचं गावात पोचलं नव्हतं. मी सांगितलं. अनसूयाबाई वऱ्हांड्याच्या पायरीवर बसल्या आणि पदराने चष्मा पुसत राहिल्या. आता आम्हाला कोण लावणार, असं त्यांनी विचारलं. मग त्यांनी हळूच दुसरं विचारलं. ताईंचं आणि माझं भांडण झालं होतं ना, ते आमच्यामुळे का? मी ऑटोतलं बोलले म्हणून का? मी त्यांचा हात धरून सांगितलं, नाही. बाई, तुम्ही खरं बोललात. ताईही खरं लिहीत होत्या. मीच वाचलं नाही.

‘मीच’ हा शब्द पहिल्यांदाच मोठ्याने बोलले आणि मग पुढचं सोपं झालं. त्या गेल्यावर मी चौथं पान लिहून काढलं. आपल्या अभ्यासातून सुईने बरं वाटतं असं सिद्ध होत नाही, आणि वाटत नाही असंही होत नाही, हे त्यात लिहिलं आहे. तुम्ही मागितलेलं उत्तर मला देता आलं नाही, ताई. अभ्यास फसला, आणि त्यात माझा हात तुमच्यापेक्षा मोठा आहे. खोली बहुतेक जाईल. ‘उपचार देणाऱ्या व्यक्तीकडून चूक झाली’ या ओळीच्या जागी आता असं आहे: ‘कुंदाताईंनी ही चूक दुसऱ्या आठवड्यात स्वतः लिहून कळवली. ती वाचली जाईल याची व्यवस्था करण्याची जबाबदारी माझी होती, आणि मी ती केली नाही.’ खाली माझं नाव आहे.

मग मी तुमची वही पुढे ओढली. सातही नोंदींपुढचे रकाने रिकामे होते. एकेका नोंदीपुढे मी पूर्ण नावाने सही केली, निळ्या शाईने, खाडाखोड न करता. उद्या ही वही टेबलावर हातोहात फिरेल. तुमची तारीख पोळ्याच्या आधीची आहे. माझ्या सह्यांखाली सातही ठिकाणी मी आजचीच तारीख घातली आहे.